ताटातली नीयत

१५ ऑगस्ट २०२५ हा शुक्रवार होता. कल्याणमधल्या ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो, तिथे सकाळी झेंडावंदन झाले, मुलांनी तराने म्हटले, लाडू वाटले गेले. मुले पांगू लागली तेव्हा सातवीतला एक मुलगा लाडू खात खात जवळ आला आणि म्हणाला, "टीचर, आज सब्जी खाना देशभक्ती है क्या?" भोवतालची मुले खो-खो हसली. आम्हीही हसलो आणि "चलो, घर जाओ, जुमे की तैयारी करो," असे सांगून वेळ मारून नेली. उत्तर सुचले नाही की शिक्षक मुलांना घरी पाठवतो, हे आमच्या पेशातले जुने गुपित आहे.

मुलाच्या प्रश्नामागचे कारण सगळ्या शहराला ठाऊक होते. कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला होता की १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत कत्तलखाने आणि परवानाधारक मटण-चिकनची दुकाने बंद राहतील. आधार दिला गेला तो १९८८ च्या एका ठरावाचा. त्या आठवड्यात नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर इथल्या महापालिकांच्या अशाच आदेशांच्या बातम्या आल्या. विरोधी पक्षांनी टीका केली. सत्तेत असलेले तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नाही असे सांगितले. कोणी काय खावे हे ठरवण्यात सरकारला रस नाही, हा निर्णय जुनाच आहे, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नव्हता, हे आधी नमूद केले पाहिजे. या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांचे ताट मासळी-मटणावाचून पुरे होत नाही. खाटकाच्या धंद्यावर हिंदू खाटीक समाजाची कित्येक घरे चालतात. तरीही बंदीचा हुकूम निघाला की तो आपल्याच ताटाकडे बोट दाखवून काढला आहे असे आपल्याला वाटते, आणि तसे वाटायला कारणेही आहेत. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येला बंदी होती. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही त्या बंदीत आले. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. कायद्याची भाषा वेगळी असते आणि गल्लीतली भाषा वेगळी. गल्लीत याचा अर्थ एवढाच झाला की गरिबाचे स्वस्त गोश्त गेले आणि पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मनात भीती आली.

त्यामुळे आमचे मत स्पष्ट आहे. कोणी काय खावे हे महापालिकेने ठरवू नये. ऑगस्टच्या त्या दिवसांत श्रावण चालू होता. आमच्या ओळखीच्या अनेक हिंदू घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो. त्यांनी तो स्वतः ठरवलेला असतो, म्हणून त्याचा मान राखावासा वाटतो. तीच गोष्ट हुकूम होऊन आली की तिच्यातला मान निघून जातो आणि अपमान उरतो.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. आमची अडचण याच्या पुढची आहे. त्या मुलाच्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो, कारण त्याच्या महिनाभर आधी त्याच वर्गात उभे राहून आम्ही भाजी-डाळीवर लांबलचक भाषण दिले होते.

झाले असे होते की जुलैत प्रार्थनेच्या रांगेत एक मुलगी चक्कर येऊन पडली. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघाले. बारा वर्षांच्या मुलीत ते बाराच्या वर असायला हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "हिच्या खाण्याकडे बघा" असे सांगितले. तेव्हा आम्ही वर्गाला एक काम दिले. सात दिवस वहीत लिहा, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले. कुणाला रागावणार नाही, कुणाची वही वाचून दाखवणार नाही, असे वचनही दिले.

वह्या घरी आणून वाचल्या आणि आमचा एक समज गळून पडला. बाहेरच्या लोकांना वाटते की मुसलमानाच्या घरी रोज गोश्त शिजते. खोटे कशाला बोला, शिक्षक असून आम्हालाही थोडेसे तसेच वाटत होते. वह्यांत रोजचे गोश्त नव्हतेच. सकाळी चहा आणि खारी, नाहीतर चहा आणि पाव. मधल्या सुट्टीत पाच रुपयांच्या पुड्या. शाळेची खिचडी काही जण खात, काही जण "घर में अच्छा मिलेगा" म्हणून सोडून देत. संध्याकाळी वडापाव किंवा चायनीज भेळ. रात्री भात आणि पातळ डाळ किंवा बटाट्याचा रस्सा. जुम्याला किंवा रविवारी बॉयलर चिकन. हिरवी भाजी आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही "आधी खाई" अशा शेऱ्यासह. फळ म्हणजे केळे, तेही थोड्याच वह्यांत. आपण ज्या मुलाच्या गोश्ताच्या हक्कासाठी आवाज उठवतो, त्याच्या ताटात ना गोश्त होते ना भाजी. होता तो पाव, बटाटा, साखर आणि तेल.

आता जरा शिक्षकी पेशाप्रमाणे बोलू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी नवी मार्गदर्शिका काढली, तिच्यात दिवसभराच्या ताटाचे चित्र आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात सुमारे १,२०० ग्रॅम अन्न, निदान आठ गटांतले. त्यात भाज्या आणि फळे मिळून ५०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या गोष्टी ३५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ अर्धे ताट भाजी आणि फळांचे. मांस खाणाऱ्याला ते सोडायला सांगितलेले नाही, पण त्याची जागा डाळीच्या शेजारी, एका छोट्या वाटीत आहे. आपण वर्षानुवर्षे ती वाटीच ताट मानून चाललो आहोत.

वनस्पतींचा आहार म्हणजे घासफूस, असे आपल्यात थट्टेने म्हणतात. थट्टा करणाऱ्याने जरा हिशेब पाहावा. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात मिळतो. म्हणून डाळ-भात, खिचडी, मिस्सी रोटी हे पदार्थ जोडीने आले. ती जोडी आपल्या आजी-नानींना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. माठ, शेवग्याचा पाला, चवळी, मसूर यांत लोह असते. मात्र वनस्पतींतले लोह शरीर सहज घेत नाही. त्यासोबत लिंबू, आवळा, टोमॅटो, पेरू असे आंबट-ताजे काही असावे लागते, आणि जेवणाबरोबर चहा नसावा लागतो, कारण चहा ते लोह अडवतो. आमच्या वह्यांतल्या मुलांचा चहा सकाळी होता, दुपारी होता आणि जेवणानंतरही होता. वैविध्य हा इथला खरा मुद्दा आहे. रोज नुसती पालक खाऊन भागत नाही आणि रोज नुसता बटाटा खाऊन तर मुळीच नाही. धान्य, डाळ, पाला, फळभाजी, फळ, दाणे यांची फेर पालटत राहिली पाहिजे.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की सगळे काही वनस्पतींतून मिळत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते. ज्याने मांस, अंडी सोडली त्याने दूध-दही घ्यावे, आणि तेही सोडले तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. म्हणून "मांस खाल तर आजारी पडाल, भाजी खाल तर बरे व्हाल" असले भाषण आम्ही वर्गात करत नाही. पोरे हुशार असतात, अर्धे सत्य त्यांना लगेच कळते.

शाळेच्या पोषण आहारालाही हेच लागू आहे. सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य, तीस ग्रॅम डाळ, पंच्याहत्तर ग्रॅम भाजी असा सरकारी हिशेब आहे. २०२३ मध्ये राज्याने त्यात आठवड्याला एक अंडे किंवा केळे दिले आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा निधी थांबवला. आम्हाला ते बरोबर वाटले नाही. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आठ आहे तिला अंडेही हवे आणि माठाची भाजीही हवी. एकाचे नाव घेऊन दुसरे काढून घेणे हा पोषणाचा विचार नव्हे.

आमचे हे भाषण ऐकून स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "जनाब, कौमे मूसाने भी यही माँगा था।" त्यांचा रोख सूरह बकरातल्या प्रसंगाकडे होता. मन्न आणि सलवा मिळत असताना त्या लोकांनी कंटाळून पालेभाजी, काकडी, मसूर, कांदा मागितला आणि चांगले सोडून हलके मागता काय, असे त्यांना विचारले गेले. आम्ही त्या प्रसंगावर बराच विचार केला. आमच्या अल्पबुद्धीला असे वाटते की तिथला ठपका मसुरावर किंवा कांद्यावर नाही, नाशुक्रीवर आहे. कारण त्याच कुरआनात सूरह अनआममध्ये बागा, खजूर, शेती, जैतून, डाळिंब यांची गणना नेमत म्हणून केली आहे, त्यांची फळे खा, कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका असे सांगितले आहे. सूरह अबसमध्ये माणसाला स्वतःच्या अन्नाकडे नीट पाहायला सांगितले आहे, आणि मग पाऊस, भेगाळणारी जमीन, धान्य, द्राक्षे, भाजी, फळे असे एकेक दाखवले आहे. हुजूर (स.) यांना दुधी भोपळा आवडत असे, हे हजरत अनस यांच्या कथनातून आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दावतीत जवाची रोटी होती आणि भोपळा घातलेल्या रश्श्यात वाळवलेले गोश्तही होते. भोपळा आणि गोश्त एकाच भांड्यात होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दोन शब्द आपण नेहमी जोडीने म्हणतो, हलाल आणि तय्यिब. कुरआनात ते साऱ्या माणसांना उद्देशून आले आहेत. आपली सगळी चौकशी पहिल्या शब्दापाशी संपते. दुकानावर पाटी आहे का, जबीहा नीट झाला का, एवढे विचारले की आपण निर्धास्त होतो. तय्यिब म्हणजे चांगले, स्वच्छ, अंगाला हितकर. त्याची पाटी कुठल्याच दुकानावर नसते, ते ज्याचे त्याने पाहायचे असते. रंग घातलेले चायनीज हलाल असेल, पण ते तय्यिब आहे काय? आणि हा प्रश्न भाजीलाही विचारावा लागतो. मुंबईच्या उपनगरांत रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालक-माठ पिकवला जातो, हे लोकलने फिरणाऱ्या प्रत्येकाने खिडकीतून पाहिले आहे. भाजी म्हटली की ती पाक झाली असे नाही.

दुसऱ्या टोकाची माणसेही आपल्या इतिहासात होऊन गेली. शाम देशातल्या मअर्रा गावचा अंध शायर अबुल अला अल-मअर्री (९७३–१०५७) याने उत्तर आयुष्यात मांस, दूध, अंडी, मधसुद्धा सोडले होते. इजिप्तमधल्या फातिमी दरबाराचा विद्वान दाई अल-मुअय्यद शिराझी याने त्याला पत्र लिहून विचारले की जे अल्लाहने जायज केले ते तू स्वतःवर का बंद केलेस? त्यांचा पत्रव्यवहार आजही उपलब्ध आहे. मअर्रीच्या उत्तरात प्राण्यांच्या वेदनेची करुणा होती आणि एक अगदी घरगुती कारणही होते. आपली वर्षाची मिळकत तुटपुंजी, तिच्यातून नोकराला दिल्यावर डाळ-कडधान्यापुरतेच उरते, असे त्याने कळवले. आम्ही मअर्रीच्या वाटेने जाणारे नाही. जे पाक आणि हलाल आहे ते हराम ठरवू नका, ही सूचना आमच्यासाठी पुरेशी आहे. पण त्याला कुणी हुकूम केला नव्हता आणि त्यानेही कुणाला हुकूम केला नाही. म्हणून हजार वर्षांनंतरही त्याच्या ताटाचा राग येत नाही.

इथे आम्हाला नीयतीचा मुद्दा सापडला. एखाद्याला खोलीत कोंडून दिवसभर उपाशी ठेवले तर त्याचा रोजा होत नाही. पोट तितकेच रिकामे, घसा तितकाच कोरडा, पण नीयत नाही म्हणून इबादत नाही. हुकमाने खाल्लेली भाजी तशीच आहे. तिने पोट भरेल, माणूस चांगला होणार नाही. पण हाच न्याय आपल्यालाही लावून पाहिला पाहिजे. त्या १५ ऑगस्टला आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत आदल्या रात्रीच गोश्त आणून फ्रीजमध्ये ठेवले होते. एरवी शुक्रवारी डाळ-चावल करणाऱ्यांनीही बिर्याणी केली. का? "उन्होंने बंद किया ना, इसलिए।" आम्हीही ती चवीने खाल्ली, हे कबूल करतो. खाताना मनात मात्र आले की ही बिर्याणी तरी आपण आपल्या मर्जीने कुठे खाल्ली? बंदीमुळे भाजी खाणारा आणि बंदीमुळे गोश्त खाणारा, दोघांचे ताट त्या हुकमानेच वाढले. आपला हक्क मागायलाच हवा. पण हक्क मिळाला म्हणजे हित साधले असे होत नाही. काय खाण्याची मुभा आहे हा प्रश्न सरकारशी भांडून सुटेल, काय खाणे चांगले हा प्रश्न दस्तरखानावर बसूनच सोडवावा लागेल.

आणि दस्तरखानावर बसलो की आणखी एक गोष्ट दिसते. चक्कर आलेल्या त्या मुलीच्या अम्मीला आम्ही शाळेत बोलावले होते. "घरात काय बनते?" विचारले तर म्हणाल्या, "सब बनता है टीचर. बोटी इसके अब्बा और भाई को पसंद है. हम लोग तो शोरबे से खा लेते हैं." 'हम लोग' म्हणजे त्या, त्यांची सासू आणि ही मुलगी. त्यांच्या डोळ्यांखालची कातडी मुलीइतकीच पांढुरकी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. देशभरात हे प्रमाण स्त्रियांत ५७ टक्के आणि पुरुषांत २५ टक्के होते. हा फरक सगळ्या समाजांत आहे. बाईच्या शरीराची लोहाची गरज जास्त, हे त्याचे एक कारण. तिच्या ताटात काय आणि किती उरते, हे दुसरे. आपण बाहेरच्या जगाला विचारतो की आमचे ताट ठरवणारे तुम्ही कोण? घरातल्या बाईने आपल्याला तोच प्रश्न विचारला तर आपल्याजवळ काय उत्तर आहे?

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह गोश्त घेऊन चालले होते. हजरत उमर यांनी विचारले, हे काय? इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले, असे ते म्हणाले. तेव्हा शेजारी किंवा भावबंद यांना सोडून आपलेच पोट भरावेसे वाटते काय, अशा अर्थाचे हजरत उमर बोलले. आम्हाला वाटते, आज आपल्यासाठी तो शेजारी गल्लीच्या पलीकडे नाही, दस्तरखानाच्या शेवटच्या टोकाला शोरब्यात पाव बुडवून बसला आहे.

मग उपाय काय? आमच्या मते तो नवा शोधायची गरज नाही, तो आपल्याच जुन्या चुलीवर आहे. आमच्या नानीच्या घरी नुसते गोश्त क्वचितच शिजे. पालक-गोश्त, तुरई-गोश्त, अरवी-गोश्त, शलगम-गोश्त, दुधी घातलेला दालचा. पावशेर गोश्तात सेरभर भाजी आणि दहा माणसे जेवत. मुहर्रमचा खिचडा पाहा. गहू, जव, तांदूळ आणि चार-पाच डाळी एका देगेत, आणि गोश्त त्यात इतके विरघळलेले की कुणाच्या वाट्याला किती आले हे ओळखू येऊ नये. बोटीवरून भांडण व्हायला तिथे जागाच नसे. आता आपण गोश्त आणि भाजीचा तलाक करून टाकला आहे. एका बाजूला नुसते चिकन, दुसऱ्या बाजूला नुसता बटाटा.

आमची नानी मुरबाडकडची. पावसाळा लागला की तिला रानभाज्यांची ओढ लागे. आजही जून-जुलैत मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया पहाटेच्या गाडीने येऊन कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात टोपल्या मांडतात. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी, शेवळे. शेवळे घशाला खाजते म्हणून त्यासोबत काकडाची आंबट फळे देतात. नानी ते काकडाच्या रसात शिजवून खिम्यात घाली. या बाजूच्या हिंदू घरांतही शेवळात खिमा किंवा कोलंबी घालतात. जंगलातली भाजी, आदिवासी बाईचे हात, हिंदूची चूल, मुसलमानाचा खिमा, अशी ही या मातीची थाळी आहे. शाकाहार विरुद्ध मांसाहार हे भांडण तिला ठाऊक नव्हते. आमच्या वर्गात टाकळा ओळखणारी मुले किती, हे विचारले तेव्हा एकही हात वर आला नाही.

महागाईचे काय, असे वाचक विचारतील आणि ते विचारायलाच हवे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पुढे गेला तेव्हा आम्हीही चिंचेवर भागवले. बाराशेच्या कारखान्यात उभे राहून किंवा चार घरची कामे करून परतलेल्या बाईला पाला निवडायला वेळ कुठून आणायचा? पाव आणि पुडी स्वस्त नाहीत, पण त्या तयार असतात, हीच त्यांची ताकद आहे. म्हणून उपदेश करताना जीभ आवरावी लागते. तरी काही गोष्टी हातातल्या आहेत. मूठभर मूग किंवा मटकी रात्री भिजत घातली तर दुसऱ्या दिवशी मोड काढायला कुणाची मेहनत लागत नाही. फुटाणे-गूळ पुडीच्या पैशांत बसतात. मुळ्याचा आणि फ्लॉवरचा कोवळा पाला आपण टाकून देतो, तो फुकट आलेला असतो. पावशेर गोश्तात दुधी घातला तर ते घटत नाही, वाढते. चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर एक पैसाही खर्च होत नाही. आणि पाला निवडायला घरातल्या पुरुषाने बसले तर इस्लामला कसलाही धोका नाही. हुजूर (स.) घरच्या कामात हात लावीत, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले होते. पुढच्या सोमवारी आम्ही वर्गात त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. मग सांगितले की नाही बेटा, सब्जी खाना देशभक्ती नाही आणि गोश्त खाना दीन नाही. कुणी हुकूम केला म्हणून खाऊ नको आणि कुणी मना केले एवढ्यासाठीही खाऊ नको. अंगाचा तुझ्यावर हक्क आहे, बहिणीच्या अंगाचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे. तो अदा करायचा म्हणून खा.

मुलगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टीचर, तो फिर कल डब्बे में क्या लाऊँ?" आम्ही म्हणालो, "मोड आलेले मूग आण. आणि लिंबू. आणि अम्मीला विचार, तिने आज काय खाल्ले."

दुसऱ्या दिवशी त्याने मूग आणले नाहीत, विसरला होता. पण अम्मीला विचारले होते. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "टीचर, उसने चाय-पाव खाया था।" त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी हसू नव्हते. ती चक्कर आलेली मुलगी आता बरी आहे. तिचे हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेले आहे. बारापर्यंत अजून जायचे आहे.